पुंजाजीचा दिवा

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कॉन्व्हेंटच्या फाटकावर फ्लेक्स लागला आणि बेबीबाईचं डोकं फिरलं.

फ्लेक्स तसा देखणा होता. निळं आभाळ, मधोमध पांढरं कबुतर, खाली वर्षाराणीचा पासपोर्ट साइजचा फोटो फुगवून लावलेला, आणि त्याखाली सोनेरी अक्षरात 'या मातीतली पहिली ज्योत'. आणखी खाली दोन फेब्रुवारी, सकाळी नऊ, दीपभगिनी संघात प्रवेशाचा विधी, सर्वांनी अगत्याने यावे, जेवणाची सोय केली आहे. वर्षाराणी म्हणजे बेबीबाईचीच पोर. पोरीचा एवढा मोठा फोटो रस्त्यावरून दिसतोय म्हटल्यावर दुसरी कुठलीही आई हरखून गेली असती. बेबीबाईनं 'पहिली' हा शब्द तीनदा वाचला, डोक्यावरचं वांग्यांचं गाठोडं खाली ठेवलं आणि चौथ्यांदा वाचला.

पहिली म्हणे. मग सत्तावीस वर्षांपूर्वी याच फाटकातून पांढरी साडी नेसून आत गेलेली पोरगी कोण होती, भूत होती काय?

कामरगावच्या पुढे फाट्यावर उतरून दोन किलोमीटर आत गेलं की हे कॉन्व्हेंट लागतं. एक छोटं चर्च, एक दवाखाना, चौथीपर्यंतची शाळा, मागे कडुनिंबाखाली दोन सिस्टरांच्या कबरी आणि चार जिवंत सिस्टर. तिथून तासाभराच्या चालीवर बेबीबाईची वस्ती. वस्तीत चर्चला जाणारी सात घरं, तीही तिच्या आज्याच्या काळापासूनची. बाकी सगळीकडे तूर, हरभरा, सोयाबीन आणि आपापले देव. कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं.

बेबीबाई अठरा वर्षांची होती तेव्हा देवानं तिला बोलावलं होतं. हे वाक्य ऐकून कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसावं. तिला स्वतःला त्यावर अजून हसता आलेलं नाही. कपाशीची पऱ्हाटी निंदताना, पाणी भरताना, भाकरी थापताना तिला आतून सारखं वाटायचं की आपण तिकडच्या आहोत. बाप पुंजाजी अडाणी माणूस, पण त्यानं पोरीचं तोंड बघून ओळखलं. म्हणाला, "जाय मंग. मी कायले आडवा येऊ." आणि बेबी कॉन्व्हेंटात राहायला गेली. सोबत केरळातून आलेल्या तीन मुली. आठ महिने चौघी एकत्र उठल्या, एकत्र प्रार्थना म्हटली, एकत्र भांडी घासली. या मुलींचं सगळं बघायला होत्या सिस्टर फ्लॉरेट. वय चव्वेचाळीस, चाल तरातरा, हातात कायम निळी फाईल.

दीपभगिनींची एक रीत आहे, दुसऱ्या कुठल्या सिस्टरांत ती नाही. मुलीच्या घरी दिवा पेटवायचा आणि तो न विझू देता चर्चपर्यंत आणायचा. सिस्टर फाईलमधून मुलीचं नाव वाचते. मुलगी म्हणते, "आले मी." मग सिस्टर विचारते, "हिला कोण देतं?" घरचं माणूस म्हणतं, "मी देतो," आणि दिवा सिस्टरच्या हातात देतं. त्या दिव्यानं वेदीवरची समई लावली की मुलगी घरची राहिली नाही, संघाची झाली. घरच्यांच्या तोंडून होकार आल्याशिवाय मुलगी घ्यायची नाही, असं त्यांच्या पुस्तकातच छापलं आहे.

त्या दोन फेब्रुवारीला पुंजाजी पहाटे उठला. बायको सोजरबाईनं घासून ठेवलेला पितळी दिवा त्यानं घरच्या मरियमच्या तसबिरीपुढे पेटवला आणि दुपट्ट्याचा आडोसा करून तो घेऊन निघाला. मागे वस्तीतली बावीस माणसं. केरळातल्या आईबापांनी आपले दिवे कॉन्व्हेंटातल्या पाहुण्यांच्या खोलीतच लावले होते. एवढ्या लांबून आणतील कसे बिचारे. खरा घरून आलेला दिवा एकच होता आणि तो पुंजाजीच्या हातात होता.

सिस्टर फ्लॉरेटनं पहिलं नाव वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं वाचलं. आणि फाईल मिटली.

बेबी पुढच्या रांगेत चौथी उभी होती. तिला वाटलं, पान चिकटलं असेल. ती वाट बघत राहिली. गाणं सुरू झालं, तरी ती वाट बघत होती. मागे पुंजाजीही दिवा धरून उभा होता, कारण बस असं त्याला कुणी सांगितलंच नाही.

विधी संपल्यावर सिस्टर फ्लॉरेटनं तिला बाजूच्या दारात गाठून सांगितलं. रागावून नाही, हसतच. "या वर्षी तीनच जागा होत्या, बेबी. आणि इकडच्या मुली टिकत नाहीत, परत घरी पळतात, हा आमचा अनुभव आहे. तुझ्या हाताला चव आहे, रोट्या छान करतेस. देवाची सेवा स्वयंपाकघरातूनही होते." एवढं बोलून त्या पाहुण्यांना वाढायला गेल्या.

आदल्या दिवशी सांगितलं असतं तर चाललं असतं. बेबी रडली असती, पुंजाजी घरीच राहिला असता, वस्तीला काहीतरी थाप मारता आली असती. पण आदल्या दिवशी सिस्टरला वेळ नव्हता. न घेतलेल्या दिव्याचं काय करायचं, हे त्यांच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं आणि विझवायला पुंजाजीचं मन होईना. तो पेटता दिवा घेऊन बाप भर उन्हात आल्या वाटेनं परत निघाला. हरभऱ्यात सोंगणी करणारी माणसं उभी राहून बघत होती. घरी त्यानं तो फळीवर ठेवला आणि तेल संपेपर्यंत समोर बसून राहिला. नंतर त्यानं चर्चची पायरी चढली नाही. चार वर्षांनी चढला तो चौघांच्या खांद्यावर.

मग बेबीला 'ननमधून हाकललेली' हे नाव पडलं. बरी स्थळं येईनात. शेवटी लखीराम नावाच्या जीपवाल्याशी लग्न झालं, तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठा, बिजवर. माणूस चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही, दोन वर्षांपूर्वी तोही गेला. लग्नानंतर काही वर्षांनी कॉन्व्हेंटातली स्वयंपाकीण काम सोडून गेली आणि तिथून बेबीबाईला बोलावणं आलं. तोवर सिस्टर फ्लॉरेटची बदली कधीच झाली होती. बेबीबाई गेली. लोक म्हणाले, मोठ्या मनाची बाई, झालं गेलं विसरली. विसरली कसली. एक ना एक दिवस ती निळी फाईल परत या घरात येईल, एवढ्या एका आशेवर तिनं एकवीस वर्षं त्या चुलीपुढे काढली.

आणि आली. मागच्या जून महिन्यात सिस्टर फ्लॉरेट या घराची मोठी म्हणून परत आल्या. एकाहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेले, काठी टेकत. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात डोकावल्या. बेबीबाईनं या घटकेसाठी वीस वर्षं बोलणं जुळवून ठेवलं होतं.

"तुझं नाव काय?"

"बेबी."

"छान. माझ्या चहात साखर अर्धीच घाल हं, बेबी."

झालं. बाई चहा घेऊन गेली. तिला काही म्हणजे काही आठवलं नाही. बेबीबाईनं शिव्या सोसल्या असत्या, तोंड फिरवलेलं सोसलं असतं. पण ज्यानं आपल्या बापाला संपवलं त्या माणसाच्या लक्षातही आपण नाही, हे तिला सोसेना.

पुढे पावसाळ्यात नागपूरच्या मोठ्या मदरचं पत्र आलं. या भागातली एक तरी मुलगी संघात आली नाही, तर ईस्टरनंतर या घराला कुलूप लागेल आणि चौघी सिस्टर नागपूरला जातील. सिस्टर फ्लॉरेटच्या तोंडचं पाणी पळालं. तिची पहिली नेमणूक इथली, हा दवाखाना तिनं उभा केलेला, आणि मागे कडुनिंबाखाली तिसऱ्या कबरीची जागाही तिनं स्वतः काठीनं आखून ठेवली होती. मरायचं तर इथेच, हा तिचा हट्ट.

मग सुरू झाला मुलींचा शोध. म्हातारी जीप करून घरोघर फिरली. वाशिम, रिसोड, अनसिंग, पार मेहकरपर्यंत, जिथे म्हणून चर्चला जाणारं एखादं घर आहे तिथे. हातात कॅलेंडर, जपमाळा आणि केळ्याच्या वेफर्सची पाकिटं. पूर्वी केरळातून पत्र टाकलं की चार मुली यायच्या. आता तिकडच्या मुली नर्स होऊन कॅनडाला जातात. 'या आणि पाहा' नावाचं तीन दिवसांचं शिबिरही भरवलं. अकरा मुली आल्या. सहा जणी वेफर्ससाठी आल्या, तिघी घरच्या कामातून सुटका म्हणून, आणि एकीनं पहिल्याच दिवशी विचारलं की इथून नर्सिंगला नंबर लागतो का.

अकरावी होती वर्षाराणी. तिसऱ्या दिवशी सिस्टर फ्लॉरेटनं विचारलं, कुणाला वाटतं देव बोलावतोय? वर्षानं हात वर केला.

बेबीबाई दारातून बघत होती. तिच्या हातातला भाताचा टोप तसाच राहिला. पोर शांत, अभ्यासू, बारावी होऊन दवाखान्यात पट्ट्या बांधायला मदत करायची, सकाळच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कधी चुकायची नाही. पण हे पोरीनं घरी कधी बोलून दाखवलं नव्हतं. बेबीबाईला आधी धक्का बसला, मग भरून आलं. आपल्याकडून काढून घेतलेलं देवानं पोरीच्या ओटीत घातलं, असं तिला वाटलं आणि चार दिवस ती सिस्टर फ्लॉरेटवरचा रागसुद्धा विसरली. हो, खरंच विसरली.

ईस्टरची मुदत जवळ आली म्हणून वर्षाला आधी काही महिने कॉन्व्हेंटात राहायला लावलं नव्हतं. ती घरीच होती आणि एकेक विचारायची.

"आई, संघात गेल्यावर मोठी मदर व्हायला किती वर्षं लागतात?"

"मले काय मालूम. वीस, पंचवीस लागत असतीन."

"अन् ती फाईल कोणाजवळ राह्यते?"

"जी मोठी असन तिच्याजवळ. काहून?"

"असंच," वर्षा म्हणायची आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागायची.

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि फाटकावर फ्लेक्स लागला.

त्याच दिवशी दुपारी जेवताना सिस्टर फ्लॉरेट बाकीच्या तिघींना सांगत होत्या, "मदरना मी लिहिलंय. चाळीस वर्षांत या जिल्ह्यातून एकही मुलगी आली नव्हती. एकही नाही. देवानं शेवटी दगडातून पाणी काढलं." बेबीबाई त्यांच्या ताटात गरम रोटी वाढत होती. तिचा हात थांबला नाही. पण त्या रोटीबरोबरच तिनं काय करायचं ते ठरवून टाकलं.

ती गप्प राहणार होती.

बस, एवढंच. नागपूरची मदर समोर बसलेली असेल, आसपासच्या तीन चर्चचे फादर असतील, वस्ती असेल. सिस्टर फ्लॉरेट विचारेल, हिला कोण देतं? लखीराम नाही, तेव्हा उत्तर द्यायचं ते बेबीबाईनं. आणि बेबीबाई दिवा धरून नुसती उभी राहणार. जेवढा वेळ पुंजाजी उभा होता तेवढा वेळ. मग तीच वाट, तोच दिवा, घरी परत. ईस्टरनंतर घराला कुलूप, आणि म्हातारीनं नागपूरच्या कुठल्या तरी खोलीत कडुनिंबाची आठवण काढत मरावं. स्वतःची नोकरी जाईल, हे बेबीबाईला कळत होतं. जाऊ दे. चुलीत जाऊ दे नोकरी.

पोरीचं काय होईल, हा विचार तिच्या मनात आलाच नाही असं नाही. आला. तिनं तो मागे सारला. दुसरा एखादा संघ बघू, सिस्टरांचा काय दुष्काळ आहे, दुसरीकडे घालू तिला, असं तिनं स्वतःला समजावलं. सूड घ्यायचा म्हटला की माणूस आधी स्वतःलाच थापा मारतो.

विधीच्या आदल्या दिवशी तिनं आई सोजरबाईकडे दिवा मागितला. सोजरबाई पंचाहत्तरीची, दिसायला कमी, पण जीभ शाबूत. तिनं फळीवरून दिवा उतरवला. सत्तावीस वर्षांत त्याला कुणी घासलं नव्हतं. तळाशी काळं तेल वाळून बसलेलं.

"घासून देऊ?" बेबीबाई म्हणाली.

"नोको. तुहा बाप जसा ठेवून गेला तसाच ने." मग डोळे बारीक करून तिनं लेकीकडे पाहिलं. "तू काही तरी पकवून राह्यली बेबे."

"सयपाकीन आहो मी. पकवनच."

सोजरबाईनं वात मात्र स्वतःच्या हातानं वळून दिली.

दोन फेब्रुवारीला सकाळी दिवा पेटला. बेबीबाईनं लुगड्याच्या पदराचा आडोसा केला आणि चालायला लागली. वर्षा पांढऱ्या साडीत शेजारून चालत होती. वाटेत हरभऱ्याची सोंगणी चालू होती आणि माणसं उभी राहून बघत होती. बेबीबाईनं त्यांच्याकडे ताठ मानेनं पाहिलं. बघा म्हटलं, नीट बघून घ्या, परत जातानाही बघायचं आहे तुम्हाला.

चर्च भरलं होतं. नागपूरची मदर पहिल्या रांगेत. वेदीजवळ पाच वातींची समई, न लावलेली. सिस्टर फ्लॉरेट काठी बाजूला ठेवून उभ्या, हातात निळी फाईल. तीच नव्हे, ती कधीच फाटली असेल, पण निळीच. त्यांनी चष्मा सावरला आणि वाचलं, "वर्षाराणी लखीराम."

"आले मी," वर्षा म्हणाली. आवाज स्वच्छ होता.

"हिला कोण देतं?"

बेबीबाई उभी राहिली. दिवा दोन्ही हातांत धरला. आणि गप्प राहिली.

पहिल्यांदा कुणालाच काही वाटलं नाही. आई आहे, गहिवरली असेल. सिस्टर फ्लॉरेट हसून थांबल्या. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, "हिला कोण देतं?" बेबीबाई त्यांच्या डोळ्यांत बघत होती. मागे कुणी तरी खोकलं. नागपूरच्या मदरनं मान वळवली. फादरनी पुस्तकातून वर पाहिलं. सिस्टर फ्लॉरेटच्या ओठावरचं हसू हळूहळू गेलं आणि बेबीबाईच्या अंगातून सुखाची अशी शिरशिरी गेली की तशी आयुष्यात कधी गेली नव्हती. घे म्हटलं. आता थांब. थांब तू, जसा माझा बाप थांबला होता.

"बेबी," सिस्टर फ्लॉरेट अगदी हळू म्हणाल्या. विनवणीच होती ती.

तेवढ्यात वर्षा वळली. चार पावलं मागे आली, आईसमोर उभी राहिली आणि दिव्याला हात घातला. बेबीबाईनं तो घट्ट धरला. वर्षानं आईचं एकेक बोट हळूच सोडवलं, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तसं, आणि दिवा घेऊन पुढे गेली.

"मीच देते," ती म्हणाली. "मले मीच देते."

चर्चमध्ये कुजबूज झाली. पुस्तकात असं नव्हतं. फादरनी मदरकडे पाहिलं, मदर क्षणभर विचार करून म्हणाली, "अठरा पूर्ण आहेत तिला," आणि मान हलवली. सिस्टर फ्लॉरेटनं घाईघाईनं दिवा घेतला, समईला लावला. पाचही वाती पेटल्या. गाणं सुरू झालं. बेबीबाई रिकामे हात पुढे धरून तशीच उभी होती. तिलाही बस असं कुणी सांगितलं नाही.

विधी संपल्यावर ती कुणाशी न बोलता स्वयंपाकघरात आली. दीडशे माणसांचं जेवण होतं, भाजी पहाटेच झाली होती, पुऱ्या तळायच्या होत्या. वस्तीतल्या बाया मांडवात पानं मांडत होत्या. कढईत पहिली पुरी सोडली तोच वर्षा आत आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"काहून बोलली तू मंधात?" बेबीबाईनं मागे न बघता विचारलं.

"तू काहून गप होती, थे मालूम आहे मले."

"काय मालूम आहे तुले?"

"सगळं. आजीनं सांगतलं. सातवीत होती मी तवा."

बेबीबाई वळली. झारा हातातच होता. "मंग तुले मालूम होतं, तर कायले चालली त्यायच्यात?"

वर्षा ओट्याला टेकून उभी राहिली. पांढऱ्या साडीचा पदर तिनं नीट खांद्यावर घेतला. "आई, तू गप राहून त्यायचा एक दिवस खराब केला असता. एकच दिवस. मंग घराले कुलूप लागलं असतं अन् त्या नागपुरात बसून आरामात म्हाताऱ्या झाल्या असत्या. मले एक दिवस नाही पायजे."

"मंग काय पायजे?"

"फाईल."

तेल तापून धूर यायला लागला होता. बेबीबाईनं गॅस बारीक केला, तोही अंदाजानं, नजर पोरीवरून हलवली नाही.

"केरळातून कोणी येत नाही आता," वर्षा शांतपणे सांगत होती, हिशेबातलं एखादं सोपं उदाहरण सोडवून दाखवावं तसं. "ह्या तिघी बी साठीच्या वर आहेत. पंधरा-वीस वर्षानं इथं मी राहीन अन् माह्यासारख्या दोन-चार राह्यतीन. मोठी मीच होईन. नावं मी वाचीन. कोनाचं वाचाचं अन् कोनाचं नाही, थे मी ठरवीन. अन् फ्लॉरेट सिस्टरले इथंच मातीत जायाचं आहे ना, कडुनिंबाखाली? जाऊ दे की. मी सोता तिची सेवा करीन, हात धरून हागा-मुताले नेईन. पण वरच्या दगडावर तिचं नाव लिवू देनार नाही. सगळ्यायची नावं राह्यतीन, तिचं नाही. लोकं इचारतीन, इथं कोन आहे? मी म्हनन, कोनी तरी होती, आठवत नाही."

बेबीबाईनं भिंतीला हात टेकला. सहा वर्षं पोर पहाटे उठून मिसाला जात होती, गुडघे टेकून तासतास बसत होती, आणि आपण चुलीपुढून तिच्याकडे बघून डोळे पुसत होतो.

"अन् देव?" तिनं विचारलं. "देवानं बोलावलं म्हनून हात वर केला होता ना तू?"

"तुले बोलावलं होतं त्यानं," वर्षा म्हणाली. "मले कोनी बोलावलं नाही. मी माह्या मनानं चालली."

बेबीबाईला मनापासून भीती वाटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला पुंजाजी आठवला तो दिवा धरून उभा असलेला नव्हे, तर 'जाय मंग' म्हणणारा. हे थांबवायला हवं होतं. आणि थांबवणं अगदी सोपं होतं. सिस्टर फ्लॉरेटला एवढंच सांगायचं की या पोरीला बोलावणं नाही, हिला घरी पाठवा. खरं तेच सांगायचं. पोरही वाचली असती आणि ईस्टरनंतर घराला कुलूपही लागलं असतं.

काठी टेकत सिस्टर फ्लॉरेटच आत आल्या. डोळे रडून लाल, चेहरा फुललेला. काखेत फाईल. वर्षानं लगेच मान खाली घातली आणि पदर डोक्यावरून घेतला. बघणाऱ्याला वाटावं, किती साधी पोर.

"बेबी, तू बोलली नाहीस, माझा जीव गेला होता," सिस्टर म्हणाल्या. "पण आईचं मन असतं, मला कळतं. बघ, चाळीस वर्षं मी वाट बघितली."

"सिस्टर," बेबीबाई म्हणाली, "तुमाले एक सांगाचं आहे."

"सांग ना. पण आधी मला एक सांग. मदर निघायच्या आत फाईल पूर्ण करायची आहे, आईच्या नावाची जागा रिकामीच राहिली. घरी बेबी म्हणतात ते नको, बाप्तिस्म्याचं नाव सांग, वडिलांच्या नावासकट."

झाऱ्यावरून तेलाचा थेंब जमिनीवर पडला.

"मोनिका," ती सावकाश म्हणाली. "मोनिका पुंजाजी."

त्या दिवशी फाईलमधून न वाचलं गेलेलं नाव ते हेच. सत्तावीस वर्षं ज्या क्षणासाठी थांबली होती तो आता आला होता. तिनं म्हातारीच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती न्याहाळली. कुठे तरी काही हलेल, पेन अडखळेल, निदान भुवई तरी वर जाईल.

सिस्टर फ्लॉरेटनं ओट्यावर फाईल टेकवून सुबक अक्षरात नाव लिहिलं. "किती छान नाव आहे गं," त्या म्हणाल्या. "आधी का नाही सांगितलंस?" आणि फाईल मिटली. "हं, आता बोल. काय सांगायचं होतं?"

बेबीबाईनं पोरीकडे पाहिलं. पोर खाली मान घालून उभी होती, पण पदराच्या आडून तिचे डोळे आईवर होते.

"काही नाही, सिस्टर," बेबीबाई म्हणाली. "बसा तुमी, गरम पुऱ्या खाऊन घ्या." तिनं गॅस मोठा केला आणि पुरी कढईत सोडली. "वर्षे, सिस्टरले वाढ. आतापासून त्यायचं सगळं तूच पाह्य."